‘ट्रुमनला बघून पळाले’ म्हणे! १९५२च्या इंग्लंड दौऱ्याबद्दल जरा सविस्तर

भारताचा संघ परदेशात कुठे शंभरीच्या आत गुंडाळला गेला की एक मजकूर हमखास फिरायला लागतो. त्याचा गोषवारा असा: १९५२ साली विजय हजारेंचा संघ इंग्लंडला गेला. फ्रेड ट्रुमन नावाच्या पोरसवदा वेगवान गोलंदाजाला बघून आपले फलंदाज यष्ट्या सोडून स्क्वेअर लेगच्या, म्हणजे बाजूला उभ्या असलेल्या पंचाकडे पळत सुटले. शून्यावर चार गडी गेले, मग एकाच दिवसात अख्खा संघ दोनदा बाद झाला. कप्तान हजारे मुखदुर्बळ आणि भित्रे, विनू मंकड पैशासाठी लीग खेळत बसलेले, आणि चार महिन्यांपूर्वी मद्रासला ज्या इंग्लंडला लोळवलं त्याच इंग्लंडपुढे आपण नांगी टाकली. शेवटी ‘त्या पिढीत दमच नव्हता’ हे शेपूट.

यातले आकडे बहुतेक खरे आहेत, म्हणून तर लोकांना पटतं. मालिका आपण ३-० अशी हरलो, ओव्हलचा चौथा सामना पावसाने वाचवला, हे कोण नाकारतंय? पण जे आकडे गाळलेत ते ठेवले की गोष्ट वेगळीच दिसते.

‘त्याच इंग्लंडपुढे’ हे आधी निकालात काढू, कारण ते सरळसरळ चूक आहे. फेब्रुवारी १९५२मध्ये मद्रासला भारताने आपला पहिला कसोटी विजय मिळवला तो एक डाव आणि ८ धावांनी. मंकड यांनी सामन्यात १०८ धावांत १२ बळी घेतले. तो विजय कुणी कमी लेखू नये. पण नायजेल हॉवर्डच्या नेतृत्वाखाली दौऱ्यावर आलेल्या त्या संघात लेन हटन नव्हता, कॉम्प्टन नव्हता, ॲलेक बेडसर नव्हता, जिम लेकर नव्हता, पीटर मे नव्हता, यष्टिरक्षक गॉडफ्रे इव्हान्सही नव्हता. इंग्लंडचे बडे खेळाडू तेव्हा भारत दौऱ्यावर यायला फारसे राजी नसत. जूनमध्ये लीड्सच्या हेडिंग्ली मैदानावर पहिल्या कसोटीत हे सगळे समोर उभे होते, आणि सोबतीला हवाई दलात सक्तीची नोकरी करणारा, पहिलीच कसोटी खेळणारा २१ वर्षांचा ट्रुमन. दोन्ही संघांचं नाव इंग्लंड, एवढंच काय ते साम्य.

आता ते प्रसिद्ध ४ बाद ०. लीड्सला दुसऱ्या डावात पहिल्या चौदा चेंडूंत पंकज रॉय, दत्ताजी गायकवाड, माधव मंत्री आणि विजय मांजरेकर परत गेले. तीन बळी ट्रुमनचे, एक बेडसरचा. कसोटीत यापेक्षा वाईट सुरुवात आजतागायत कुणाची झालेली नाही. फिरणारा मजकूर इथेच थांबतो. सामना मात्र थांबला नव्हता. हजारे खेळायला आले तेव्हा फलक शून्यावर होता. २६ धावांवर पॉली उमरीगर गेले. तिथून हजारे आणि दत्तू फडकर यांनी सहाव्या गड्यासाठी १०५ धावा जोडल्या. हजारे ५६, फडकर ६४. समोर तोच ट्रुमन, तोच बेडसर, तीच खेळपट्टी. सांगलीचा एक आणि कोल्हापूरचा एक, दोघे कुठेही पळाले नाहीत. १९४८मध्ये ॲडलेडला ऑस्ट्रेलियाचे वेगवान गोलंदाज लिंडवॉल आणि मिलर टाकत असताना हजारेंनी दोन्ही डावांत शतकं ठोकली होती आणि त्याच सामन्यात फडकरांनी १२३ केल्या होत्या. वेगाची दोघांनाही ओळख होती.

त्याच सामन्याचा पहिला डाव तर मजकुरात अजिबात नसतो. ३ बाद ४२ अशी अवस्था असताना हजारे आणि वीस वर्षांचे मांजरेकर एकत्र आले आणि धावसंख्या थेट २६४वर नेली. मांजरेकर १३३, हजारे ८९, भागीदारी २२२ची. मांजरेकरांचं ते पहिलं कसोटी शतक, इंग्लंडमधल्या पहिल्याच कसोटीत. तेच मांजरेकर दुसऱ्या डावात शून्यावर त्रिफळाचीत झाले. पहिल्या डावात शूर आणि दुसऱ्या डावात भेकड? एका चेंडूने दांडी उडवली, एवढाच त्याचा अर्थ.

मंकड यांच्यावरचा आरोप मात्र मला खरोखर चीड आणतो. वस्तुस्थिती अशी की ते इंग्लंडमधल्या लँकेशायर लीगमध्ये हॅसलिंग्डन क्लबचे व्यावसायिक खेळाडू होते. दौऱ्यासाठी संघात नक्की घेणार का, एवढी खात्री त्यांनी भारतीय क्रिकेट मंडळाकडे मागितली. ती मिळाली नाही. मद्रासला बारा बळी घेणाऱ्या माणसाला संघात जागेची हमी देता येत नाही, ही कसली शिस्त? क्रिकेटवर घर चालवणारा माणूस हातातला करार सोडून निवड समितीच्या लहरीवर भरवसा कसा ठेवणार होता? शेवटी हेडिंग्लीला नाक कापलं गेल्यावर मंडळाला जाग आली आणि क्लबकडे मंकड यांना सोडण्याची विनंती करावी लागली.

मग ते लॉर्ड्सला, दुसऱ्या कसोटीला आले. दौऱ्यातल्या काउंटी सामन्यांचा सराव नाही, थेट कसोटी. सलामीला उतरून रॉय यांच्याबरोबर पहिल्या गड्यासाठी १०६ धावा, स्वतःच्या ७२. भारताच्या झाल्या २३५. मग इंग्लंडने ५३७ धावांचा डोंगर रचला. हटन १५०, इव्हान्स १०४. त्या डावात मंकड यांनी किती षटकं टाकली असतील? ७३. त्यातली २४ निर्धाव, १९६ धावांत ५ बळी. डावखुऱ्या फिरकीची ७३ षटकं म्हणजे खांदा, बोटं, पाय सगळं बोलायला लागतं. एवढं करून माणसाने तंगड्या पसरून बसायला हवं होतं. ते पॅड बांधून पुन्हा सलामीला गेले आणि १८४ काढल्या. त्या वेळेपर्यंत एकाही भारतीयाने कसोटीच्या एका डावात एवढ्या धावा केल्या नव्हत्या. तिसऱ्या गड्यासाठी हजारेंबरोबर २११ धावांची भागीदारी झाली, तीत हजारेंचा वाटा लहान. त्यांच्या एकूण ४९. त्यांचं काम दुसरं टोक धरून ठेवणं होतं, ते त्यांनी केलं. इंग्लंडला जिंकायला ७७ हव्या होत्या. तेव्हाही मंकड यांनी २४ षटकं टाकली, १२ निर्धाव, ३५ धावा. सामना आपण आठ गड्यांनी हरलो. एका सामन्यात २५६ धावा आणि ९७ षटकं देणाऱ्या माणसाला ‘पैशासाठी खेळला’ म्हणायचं असेल तर म्हणा बापडे, पण मग आकडे शेजारी छापा.

आता ओल्ड ट्रॅफर्डची तिसरी कसोटी. इथे पांघरूण घालायचं काही कारण नाही. १९ जुलै १९५२ रोजी भारत पहिल्या डावात ५८ आणि दुसऱ्या डावात ८२ धावांत बाद झाला. कसोटीत एकाच दिवसात दोनदा बाद होणारा तो पहिला संघ. पुढे अर्धशतकाहून जास्त काळ ही नामुष्की दुसऱ्या कुणावर आली नाही, २००५ साली हरारेत झिम्बाब्वेवर येईपर्यंत. ट्रुमनने ३१ धावांत ८ बळी घेतले. पॉली उमरीगर त्याच्यापुढे लेगच्या बाजूला सरकत होते हेही खरं. त्यावरचे किस्से इतक्या जणांनी इतक्या तऱ्हांनी सांगितलेत की त्यातला मीठमसाला वजा केला तरी काहीतरी उरतंच. चार कसोटींच्या सात डावांत उमरीगरांच्या ४३ धावा, रॉय यांच्या सात डावांत पाच भोपळे. हे अपयशच, दुसरं काय म्हणणार?

पण दुसरा डाव बघा. ८२ धावांच्या त्या डावात ट्रुमनला बळी मिळाला फक्त एक. बेडसरने २७ धावांत ५ घेतले आणि पहिलीच कसोटी खेळणाऱ्या टोनी लॉकने ३६ धावांत ४. बेडसर मध्यमगती, लॉक डावखुरा फिरकीवाला. लॉकला घाबरून कोण पंचाकडे पळतं? पावसात भिजलेली खेळपट्टी होती ती. सामना सुरू असताना खेळपट्टी पूर्ण झाकायची तेव्हा पद्धत नव्हती. नाणेफेक हटनने जिंकली होती. इंग्लंडने पावसाच्या अधूनमधून दोन दिवस खेळून ९ बाद ३४७ वर डाव सोडला, आणि ती ओली खेळपट्टी आपल्या वाट्याला आली. अशा खेळपट्टीवर चेंडू एकदा नडगीजवळून जातो आणि पुढचा त्याच टप्प्यावरून गळ्याशी येतो. मुंबई-बडोद्याच्या पाटा खेळपट्ट्यांवर घडलेल्या तंत्राला त्याचं उत्तर माहीत नव्हतं. तंत्र कमी पडलं म्हणा, अनुभव कमी पडला म्हणा, मी मान डोलावेन. मालिकेत आपले ७० गडी बाद झाले, त्यातले २९ ट्रुमनचे आणि २० बेडसरचे. ते २० फिरणाऱ्या मजकुरात कुठेच नसतात, कारण मध्यमगती गोलंदाजाने काढलेल्या विकेटींवर भित्रेपणाची गोष्ट रचता येत नाही.

उमरीगरांची आणखी एक बाजू. त्याच दौऱ्यात प्रथम श्रेणीच्या सामन्यांत त्यांनी १,६८८ धावा केल्या, त्यांत तीन द्विशतकं. एक ऑक्सफर्ड विद्यापीठाविरुद्ध आणि बाकीची दोन लँकेशायर आणि केंटविरुद्ध. कसोटीत ट्रुमन आला की गाडी रुळावरून उतरायची, हे मान्य. पण सात वर्षांनी त्याच ओल्ड ट्रॅफर्डवर त्यांनी कसोटीत ११८ काढल्या. आणि १९६२ला पोर्ट ऑफ स्पेनला, वेस्ट इंडीजचा वेगवान गोलंदाज वेस्ली हॉल टाकत असताना, एकाच सामन्यात ५६ आणि नाबाद १७२, शिवाय पाच बळी. सोलापुरात जन्मलेल्या या माणसाची सबंध कारकीर्द इंग्लंडमधल्या एका उन्हाळ्यावरून तोलायची असेल, तर मग कुणाचीच धडगत नाही.

राहिले हजारे. बुजरे होते, मान्य. मैदानावर हुकूम सोडणारा कप्तान तो नव्हे, आणि डावपेचांत हटन त्यांच्यापेक्षा सरस होता. लीड्सच्या दुसऱ्या डावात ते स्वतः खालच्या क्रमांकावर लपले, असंही काही जण म्हणतात. पण चौदा चेंडूंत चार गडी गेल्यावर मैदानात यावं लागणाऱ्याला लपायला जागा कुठे होती? त्यांचे सातही डाव ओळीने वाचा: ८९, ५६, नाबाद ६९, ४९, १६, १६, ३८. एकूण ३३३, सरासरी ५५.५०. यातला शेवटचा ३८ ओव्हलचा, जिथे भारताचे पहिले पाच गडी ६ धावांत गेले होते आणि सगळा डाव ९८वर आटोपला. ज्याला त्या मजकुरात भित्रा म्हटलंय तो सातपैकी एकाही डावात दुहेरी आकड्याच्या खाली बाद झालेला नाही.

दोषी शोधायचाच असेल तर दौरा सुरू होण्याच्या आधी, संघनिवडीत शोधा. विजय मर्चंट १९५१च्या दिल्ली कसोटीत १५४ करून खांद्याच्या दुखण्यामुळे निवृत्त झाले होते, त्यांचा इलाज नव्हता. पण १९३६ला ओल्ड ट्रॅफर्डवर मर्चंट यांच्यासोबत २०३ची सलामी देणारे मुश्ताक अली मद्रासच्या विजयात खेळूनही दौऱ्यातून वगळले गेले. मंकड यांना हमी नाकारली. परिणामी पहिल्या कसोटीत रॉय यांच्या जोडीला सलामीला कोण गेलं? गायकवाड, आयुष्यातली पहिली कसोटी खेळत. रॉय यांचीही ती इंग्लंडमधली पहिलीच कसोटी. बेडसर आणि ट्रुमनपुढे हे दोघे पाठवणारे लोक पॅव्हेलियनमध्येही नव्हते, ते घरी होते.

आणि रॉय यांचं पुढे काय झालं? त्याच हिवाळ्यात हजारेंचाच संघ वेस्ट इंडीजला गेला. तिथल्या खेळपट्ट्या बऱ्या होत्या, समोर ट्रुमन नव्हता, हे मी आधीच सांगून टाकतो. पाच कसोटींत एक हार, चार अनिर्णित. शेवटच्या किंग्स्टन कसोटीत रॉय यांनी ८५ आणि १५० केल्या, आणि दुसऱ्या डावात त्यांच्याबरोबर २३७ धावा जोडणारे होते विजय मांजरेकर. लीड्सला शून्यावर गेलेल्या चौघांपैकी हे दोघे.