पॅनेल ऑपरेटर तयार करा, चहा निवायच्या आत

फाउंड्री आहे, विजेवर लोखंड वितळवायची भट्टी आहे, आणि ऑडिट तोंडावर आलंय? मग घाबरताय कशाला भावांनो. फर्नेसच्या पॅनेलवरचा ऑपरेटर तयार करणं हे जगातलं सगळ्यात सोपं काम आहे हे मला गेल्या आठवड्यात कळलं. शिरोली असू दे, गोकुळ शिरगाव असू दे नाहीतर कागलची पंचतारांकित एमआयडीसी, रेसिपी एकच. मी मेंटेनन्सचा माणूस, कोपऱ्यात बसून सगळं ट्रेनिंग डोळ्यांनी बघितलं, आणि जे शिकलो ते तुम्हाला फुकट देतोय.

पहिली गोष्ट, ट्रेनिंग पॅनेलपुढं चुकूनसुद्धा घ्यायचं नाही. तिथं उकाडा असतो, आवाज असतो, शिवाय पोरं बटणाकडं बोट दाखवून "हे कशाला?" असं विचारतात आणि ट्रेनरची पंचाईत होते. एसीच्या खोलीत घ्या. पडद्यावर दुसऱ्याच कंपनीच्या फर्नेसचा फोटो लावा, ज्यात मीटर डावीकडं आहे आणि आपल्याकडं उजवीकडं. दिसायला भारी दिसतंय.

रात्रपाळी करून आलेल्यांनाच बसवा. झोपलेला माणूस शंका काढत नाही.

पेपर इंग्रजीत काढा. पोरगं बिहारचं असो, ओडिशाचं असो नाहीतर आपल्या हातकणंगल्याचं, सगळ्यांना सारखा न्याय. आणि प्रश्न असा विचारा की उत्तराचा भट्टीशी काही संबंध राहणार नाही. आमच्याकडं होता, "जीएलडीचा फुल फॉर्म काय?" (ग्राउंड लीक डिटेक्टर, भट्टीचा करंट जमिनीकडं गळायला लागला की ओरडणारं यंत्र.) चार पर्याय. पहिल्या बाकावरच्यानं 'बी'वर टिक केली आणि ती टिक शेवटच्या बाकापर्यंत पोचली, सगळे पास. जीएलडी वाजली तर हातानं काय करणार, हे कुणी विचारलं नाही, आणि विचारायचंच नसतं, कारण मग उत्तर विचारणाऱ्याला पण माहीत असायला लागतं.

मग स्किल मॅट्रिक्स भरा, म्हणजे कुणाला कुठलं काम किती येतंय त्याचा तक्ता. चार पाकळ्यांचा गोल असतो, काल एक पाकळी काळी होती, आज तीन करा. स्केचपेन आणि अटेंडन्स शीटवर सही, झाला ऑपरेटर. साखर कारखान्यात बॉयलरवर उभं राहायचं म्हणजे परीक्षा देऊन पहिल्या नाहीतर दुसऱ्या वर्गाचं सर्टिफिकेट काढावं लागतं, बिचाऱ्यांना किती त्रास बघा. आमच्या शेडमध्ये त्या दिवशी हात रिकामा असला की बास.

दिव्यांबद्दल फार सांगत बसू नका. हिरवा म्हणजे चालू, लाल म्हणजे बंद, विषय संपला. पंपाचा हिरवा दिवा लागला म्हणजे फक्त कॉन्टॅक्टर (पंपाला वीज जोडणारा स्विच) ओढलाय, पाणी खरंच फिरतंय का हे रिटर्न लाईनला, म्हणजे परत येणाऱ्या पाण्याच्या पाइपला, जाऊन बघायला लागतं, असलं काहीतरी सांगून पोरांचं डोकं कशाला खायचं? 1979 साली अमेरिकेत थ्री माइल आयलंडच्या अणुवीज केंद्रात हेच झालं होतं. दिवा विझला, ऑपरेटरांनी धरलं की व्हॉल्व्ह बंद झाला. दिवा सांगत होता फक्त बंद व्हायचा सिग्नल गेलाय, व्हॉल्व्ह अडकून उघडाच होता, आणि तिथनं दोन तासांच्या वर पाणी निघून जात होतं. पण ते अमेरिकेत. आपल्याकडं असं कसं होईल, आपण दर दसऱ्याला पॅनेलला हार घालतोय की.

बझर फार वाजत असेल तर आत कापड कोंबा. आमच्याकडं कोंबलंय, हातमोज्याचा तुकडा आहे, फिटिंग एकदम परफेक्ट. तसंही सगळेच अलार्म वाजायला लागले की कुणी ऐकत नाही. 1994 मध्ये वेल्समधल्या मिलफर्ड हेवनच्या रिफायनरीत स्फोटाआधीच्या शेवटच्या 11 मिनिटांत दोन ऑपरेटरांपुढं 275 अलार्म आले होते. कामाचा अलार्म वेगळा काढणं, फालतू कमी करणं हे मेहनतीचं काम. कापड स्वस्त पडतंय.

आणि आता रिसेट. ही टिप जरा मोठी आहे.

रात्री जीएलडीनं ट्रिप दिली, म्हणजे भट्टीची पॉवर तोडली. ऑपरेटरनं रिसेट दाबलं. परत ट्रिप, परत रिसेट. कितीदा ते त्यालाही आठवत नाही. मग मला फोन, "साहेब, रिसेट व्हईना, लांबनं काय करता येतंय काय?" लांबनं! मी म्हटलं पॉवर देऊ नको, पाणी चालू ठेव, सगळ्यांना बाजूला घे आणि सुपरवायझरला फोन दे. तर सुपरवायझर म्हणतो, "धातू तयार हाय, मोल्ड लावून ठेवल्यात, आजच्या दिवस जीएलडी बायपास करूया की, तिला सोडून भट्टी चालवूया, सकाळी बघू."

सकाळी बघू म्हणे. अरे बाबा, भट्टीत 1400 अंशांच्या वर तापलेलं पातळ लोखंड आहे, त्याच्याभोवती लायनिंगची, म्हणजे आतल्या अस्तराची, काही इंचाची भिंत, आणि भिंतीपलीकडं तांब्याची पोकळ कॉईल, जिच्या आतनं पाणी फिरतंय. लायनिंगला तडा जाऊन लोखंड कॉईलपर्यंत गेलं आणि कॉईल फुटली तर ते पाणी पातळ लोखंडाला भेटणार, आणि पाण्याची वाफ होताना ते 1600 पटीच्या वर फुगतं, मग सकाळी बघायला पत्रे पण राहत नाहीत वर. ती जीएलडी एवढंच सांगायला बसवलीय की करंट जमिनीकडं गळतोय, धातू कॉईलकडं सरकला असेल. असेलच असं नाही. कधी नवीन लायनिंग ओलं असतं, कधी कॉईलवर धूळ आणि ओल असते, कधी कुलिंगच्या पाण्याची कंडक्टिव्हिटी, म्हणजे वीज वाहून न्यायची ताकद, वाढलेली असते. पण यातलं नेमकं काय झालंय हे रिसेटचं बटण सांगत नाही! ते तपासायला लागतं, तपासेपर्यंत पॉवर द्यायची नसते, आणि शंका आली तर भट्टी रिकामी करायची असते, कोरड्या खड्ड्यात. कोरड्या. आमच्या खड्ड्यात पावसाचं पाणी आणि चहाचे कप आहेत, ते वेगळंच.

त्या पोराला दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये घेतलं. "ट्रेनिंग दिलं होतं ना तुला? ही बघ सही. पेपरात छान मार्क आहेत की रे तुला." पोरगं मान खाली घालून उभं. मेमो तयार, ऑपरेटरची चूक.

आता मात्र सरळ बोलतो, टिपा गेल्या खड्ड्यात.

त्या पोराचं खरं ट्रेनिंग मागच्या महिन्यात झालं होतं. पाण्याचं टेंपरेचर चढलं म्हणून त्यानं स्वतः भट्टी बंद केली, बरोबर केलं, आणि टनेज गेलं म्हणून त्याला सगळ्या शिफ्टपुढं आईबापावरनं बोलले. त्या ट्रेनिंगला अटेंडन्स शीट नव्हती, पडदा नव्हता, पण ते डोक्यात पक्कं बसलं. भट्टी थांबवली की शिव्या, रिसेट मारलं की शाबासकी. मग तो काय करणार?

आपल्या कोल्हापुरात पावसाळ्यात शाळकरी पोराला उठवून विचारा, राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी किती? 39 फूट. धोका किती? 43. बायका भांडी घासताना सांगतील. कुणी पेपर घेतला नव्हता त्यांचा. आकडा रोज कानावर पडतो आणि 39 झाले की काय उचलायचं, कुठं जायचं हे घरात ठरलेलं असतं, आणि घर सोडलं म्हणून कुणी शिव्या घालत नाही. आणि आमच्या ऑपरेटरला त्याच्याच पॅनेलवर पाण्याचा अलार्म कितीला आणि ट्रिप कितीला हे माहीत नाही, कारण ते कुणी सांगितलंच नाही, त्याला 'बी' सांगितलंय.

परीक्षा घ्यायची तर पॅनेलपुढं उभं करून घ्या की. हा दिवा काय सांगतोय, दाखव. आत्ता लाईट गेली, कॉईलला पाणी कुठनं येणार, चल, तो व्हॉल्व्ह उघडून दाखव. वर चार्ज (वितळायला टाकलेला माल) अडकून छत झालंय आणि खाली धातू तापत चाललाय, पहिलं काय करशील? जीएलडी वाजली, रिसेट कधी मारायचं नाही? पाच मिनिटं लागतात माणसामागं. त्याच्या भाषेत विचारा. येत नसेल तर पाकळी काळी करू नका, आणि त्याला एकट्याला रात्री उभं करू नका. हे तुम्हाला माहीत नाही असं नाही, इंजिनीअर आहात तुम्ही सगळे. तुम्हाला नको आहे ते. कारण ज्याला येत नाही त्याला बाजूला काढलं तर दुसरा आणायला पैसे लागतात, आणि ज्याला येतंय तो भट्टी थांबवतो.

तेवढं कापड काढा बझरमधनं. खड्डा कोरडा करा. आणि पॅनेलशेजारी मराठीत आणि हिंदीत एक कागद लावा, जीएलडी ट्रिप झाली की पॉवर द्यायची नाही, भट्टी थांबवली म्हणून कुणाला बोलणं बसणार नाही, खाली मालकाची सही आणि रात्री उचलला जाईल असा फोन नंबर. तुमचा. माझा नको.