फसायचंच तर कलम बघून फसा

दामदुपटीच्या योजनेत पैसे घालायचं तुम्ही ठरवलंच आहे ना? मग परताव्याचा दर, चेअरमनची गाडी, उद्घाटनाला आलेले पुढारी हे सगळं नंतर बघा. आधी त्याला विचारा, "साहेब, तुम्ही पळालात की कुठलं कलम लागेल?" प्रश्न आगाऊ वाटेल, पण उरलेलं आयुष्य तुम्हाला त्या कलमाबरोबर काढायचं आहे, चेअरमनबरोबर नाही.

माझं मत विचाराल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम १०७ मध्ये फसा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेलं, ताजं आहे. कुठल्याही गुन्ह्यातून आलेल्या मालमत्तेवर टाच आणण्यासाठी साधा तपास अधिकारी आता अधीक्षकांची किंवा आयुक्तांची मंजुरी घेऊन न्यायालयात जाऊ शकतो. समोरच्याला १४ दिवसांची नोटीस. शिक्षा होण्याची वाट बघायला नको. न्यायालयाची खात्री पटली की आदेश निघतो आणि जिल्हा दंडाधिकारी ६० दिवसांत ती रक्कम फसलेल्यांना हिश्श्याप्रमाणे वाटतात. वाचतानाच डोळे भरून येतात. ते ६० दिवस आदेशानंतर सुरू होतात, एवढं मात्र लक्षात असू द्या. त्याआधीचे दिवस तुमचे तुम्ही मोजायचे.

'हिश्श्याप्रमाणे' हा शब्दही चघळून बघा. ठेवीदार दोनशे आणि हाती लागली एकच गाडी, तर तुमच्या वाट्याला मागचा वायपर येईल. नाराज होऊ नका, तो कमी वापरलेला असतो. आणि पावती जपा. दावेदार सापडला नाही तर रक्कम सरकारजमा होते, आणि सरकारला पावती दाखवावी लागत नाही.

आता काहींना ईडीच्याच प्रकरणात फसायचं असतं. त्यात मान मोठा, टीव्हीवर आकडा येतो. मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्यात आधी १८० दिवसांपर्यंतची 'तात्पुरती' टाच असते. त्या कायद्याखालच्या निवाडा प्राधिकरणानं ती कायम केली, की खटला चालेल तोवर चालते. (आपल्याकडच्या खटल्यांचा वेग तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून आकडा देत नाही.) शिवाय तात्पुरती टाच आलेल्या स्थावर मालमत्तेचा उपभोग घ्यायला या कायद्यात आडकाठी नाही. म्हणजे तुमच्या पैशातला बंगला जप्त झाल्याची बातमी सकाळी वाचा आणि संध्याकाळी बघायला जा. चेअरमन त्याच गच्चीवर चहा पीत असेल. बिचाऱ्याला बंगला विकता येत नाही. तुम्ही तरी कुठे विकणार होतात?

२०१८ च्या दुरुस्तीनंतर खटला चालू असतानाही विशेष न्यायालय मालमत्ता खऱ्या दावेदाराला परत देऊ शकतं. यातलं 'शकतं' दोनदा वाचा.

महाराष्ट्रात आपल्याला १९९९ चा एमपीआयडी, म्हणजे ठेवीदारांच्या हितसंरक्षणाचा कायदाही आहे, खास ठेवीदारांसाठी. सगळे कायदे एकाच फ्लॅटवर आले तर बहार. दारावर ईडीची नोटीस, तिच्याशेजारी एमपीआयडीखाली नेमलेल्या सक्षम प्राधिकाऱ्याची, खाली कर्ज दिलेल्या बँकेची. आधी हक्क कोणाचा, यावर मग वकील बोलतात. तुम्ही बोलायचं नाही, फी द्यायची.

एक धोका सांगायचा राहिला. योजनेत सगळ्यात आधी शिरून पहिल्या वर्षीचं व्याज घेऊन बसू नका. ते दुसऱ्या ठेवीदाराचे पैसे होते, आणि उद्या नोटीस तुमच्याच दारी येऊ शकते. मेहुण्यानं तुमच्या नावावर प्लॉट घेतला असेल तर फारच सांभाळा. ईडीच्या कायद्यात आरोपीचा पैसा स्वच्छ आहे हे त्यानंच सिद्ध करायचं असतं, आणि २७ जुलै २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानंही ही तरतूद उचलून धरली. तेव्हा कागद ठेवा: तुमचे, वडिलांचे, जमलं तर आजोबांचेही.

तर पावतीला प्लास्टिक लावा, वारसाचं नाव घाला, नातवाला कचेरीचा रस्ता दाखवून ठेवा. आणि हो, वायपर घ्यायला जाताना ओळखपत्राच्या दोन प्रती, साक्षांकित.