‘बी पोलन कधीच खराब होत नाही’ या संदेशाला उत्तर

पावसाच्या तोंडावर एक संदेश पुन्हा गटागटांतून फिरू लागला आहे. मजकूर थोडक्यात असा: “मधमाश्यांचा पराग म्हणजे बी पोलन हा मधाचाच भाऊ. मध नासत नाही, तसा परागही नासत नाही. हजारो वर्षांपूर्वीचा पराग शास्त्रज्ञांना सापडला आहे. काचेच्या बरणीत भरून ओट्यावर ठेवा, आत चार तांदूळ टाका. फ्रीजमध्ये ठेवू नका, त्यातली जीवनशक्ती मरते. ओलसर झाला तर कडक उन्हात घाला, बुरशी दिसली तर वरचा थर काढा. आंबूस वास आला तर घाबरू नका, त्याचा पेर्गा (माश्यांनी पोळ्यात मुरवलेला पराग) झाला, तो जास्त गुणकारी. अगदीच बिघडला तर मधपेटीपुढे ठेवा, माश्या संपवतात.”

लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असेल. पण अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या घरांत हा सल्ला पाळला तर महागामोलाची वस्तू महिन्याभरात वाया जाईल, आणि वाया गेली हे न कळता पोटातही जाईल. म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितो.

सुरुवात मधापासून, कारण सगळी गफलत तिथेच आहे. मध टिकतो त्याला कारणं आहेत. पिकलेल्या मधात पाणी साधारण १७ ते २० टक्के, बाकी जवळजवळ सगळी साखर. ही साखर पाण्याला इतकं धरून ठेवते की जंतूंच्या वाट्याला ते येतच नाही. शिवाय मध आम्ल असतो, आणि माश्यांनी त्यात मिसळलेल्या एका विकरामुळे थोडं हायड्रोजन पेरॉक्साइडही तयार होत राहतं. परागात यातलं काहीच पुरेसं नाही. माशी मागच्या पायांवर परागाच्या गोळ्या लादून पेटीच्या दाराशी येते, तिथे लावलेल्या जाळीतून आत शिरताना गोळ्या खाली ट्रेमध्ये पडतात. त्या ताज्या गोळीत पाणी २० ते ३० टक्के असतं. वजनाचा मोठा वाटा प्रथिनांचा, आणि त्यासोबत स्निग्ध पदार्थ. फुलाप्रमाणे प्रमाण बदलतं, पण स्निग्धांश असतोच, आणि त्यातला बराचसा हवा लागली की खवट होणाऱ्या जातीचा. तेव्हा पराग टिकवण्याच्या बाबतीत मधाचा भाऊ नाही, दाण्याच्या कुटाच्या जवळचा आहे. कूट आपण वर्षभर ओट्यावर ठेवत नाही.

आणि खरं सांगायचं तर ‘मध नासत नाही’ हेही कोकणात अर्धंच खरं. सातेरी या आपल्या देशी मधमाशीच्या मधात मुळातच पाणी थोडं जास्त असतं. पोळ्यावर मेणाची झाकणं बसायच्या आत काढलेला मध पावसाळ्यात फसफसलेला अनेकांनी पाहिला असेल. भारतीय मानकात मधातल्या पाण्याची मर्यादा साधारण २० टक्के धरली आहे, ती उगीच नाही. त्यापुढे यीस्टला वाव मिळतो. मधाचं झाकण उघडं राहिलं तर तोही आपल्या हवेतलं पाणी ओढून घेतो.

हजारो वर्षं टिकलेल्या परागाची गोष्ट खरी आहे, पण ती खाण्याच्या परागाला लागू नाही. परागकणाचं बाहेरचं कवच स्पोरोपोलेनिन नावाच्या द्रव्याचं असतं, आणि सजीवांनी बनवलेल्या सगळ्यांत चिवट द्रव्यांपैकी ते एक आहे. तळ्यांच्या तळचा गाळ खणून, त्यातली कवचं सूक्ष्मदर्शकाखाली ओळखून त्या काळी तिथे कोणती झाडं होती हे शास्त्रज्ञ सांगतात. लखनौच्या बिरबल सहानी संस्थेत हेच काम चालतं. पण त्या गाळात उरलेली असतात ती रिकामी कवचं. आतली प्रथिनं, जीवनसत्त्वं, तेलं केव्हाच गेलेली असतात. आपण पराग खातो तो आतल्या ऐवजासाठी.

आता काचेची बरणी. काच चांगलीच आहे. पातळ प्लास्टिकच्या पिशवीतून दमट हवा हळूहळू आत शिरते, काचेतून शिरत नाही. पण बरणीचं सगळं बळ तिच्या झाकणात असतं. लोणच्याची चिनी मातीची बरणी आणि वर बांधलेलं फडकं इथे उपयोगाचं नाही. आतून रबरी कडं नसलेला स्टीलचा डबाही नाही. फिरकीचं घट्ट झाकण किंवा रबराची कडी असलेली क्लिपची बरणी हवी. आणि ओटा ही तर सगळ्यांत वाईट जागा: शेजारी भाताची वाफ, वरून खिडकीचा उजेड. परागातला पिवळा-केशरी रंग ज्या कॅरोटिनॉइडांचा, ती उजेडाने झिजतात. महिन्या-दोन महिन्यांत रंग फिका पडलेला दिसला की रंगाबरोबर काय गेलं ते समजून घ्यावं.

चार तांदळांचं काय? मिठाच्या भांड्यात तांदूळ टाकायची पद्धत घरोघरी आहे, आणि मिठापुरती ती चालते. शुद्ध मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेल्यावर पाणी धरायला लागतं, खडेमीठ त्याच्याही आधी. आषाढ-श्रावणात आपल्या किनाऱ्यावर आर्द्रता ८५-९० टक्क्यांवर सहज असते, म्हणून तर मिठाला पाणी सुटतं. नीट वाळवलेल्या परागात मात्र पाणी ४ ते ८ टक्केच राहिलेलं असतं, आणि घरच्या डब्यातल्या तांदळात १२ ते १४ टक्के. बंद बरणीत पाणी ओलसर वस्तूकडून कोरड्या वस्तूकडे जातं. म्हणजे तांदूळ परागाला कोरडं ठेवणार नाहीत, उलट आपलं पाणी त्याला देतील. खाद्यपदार्थांसाठी मिळणारी सिलिका जेलची पुडी टाका, दोन-तीन महिन्यांनी बदला. निळे मणी असलेली सिलिका मात्र नको. तो निळा रंग बहुधा कोबाल्ट क्लोराइडचा असतो आणि ते विषारी आहे.

‘फ्रीजमध्ये जीवनशक्ती मरते’ हे वाक्य सगळ्यांत जास्त नुकसान करतं, म्हणून इथे जरा थांबतो. थंडीने पराग मरत असता तर संकरित नारळाचं काम कधीच उभं राहिलं नसतं. आपल्याकडे रत्नागिरीजवळ भाट्याला नारळ संशोधन केंद्र आहे, त्यामुळे संकरित रोपं कोकणाला नवी नाहीत. अशा संकरासाठी एका जातीच्या नर फुलांतला पराग काढून, वाळवून, थंडीत राखून मग दुसऱ्या जातीच्या मादी फुलांवर सोडण्याची पद्धत रुळलेली आहे. थंडीत राहिलेल्या त्या परागातून नारळ धरतात. जीवनशक्ती म्हणजे याहून वेगळं काय असणार? माशीने गोळा केलेल्या गोळीतल्या परागाने पुढे फळ धरत नाही ही गोष्ट निराळी, कारण माशीची लाळ आणि मध त्यात मिसळलेले असतात. पण जी झीज उष्णतेने होते ती थंडीने मंदावते, हा नियम दोन्हीकडे तोच.

अनेक मधपाळ ताजा पराग काढल्याबरोबर उणे १८ अंशांच्या आसपास गोठवतात. त्याचा दुसरा फायदा असा की गोळ्यांतून आलेली किडींची अंडी मरतात. बरणी न उघडताही आत जाळी धरते, ती या अंड्यांमुळे.

मात्र फ्रीज वापरायचा तर आपल्या हवेत एक पथ्य पाळायलाच हवं. आषाढातल्या दुपारी फ्रीजमधून बरणी बाहेर काढा आणि नुसती बघा. मिनिटभरात काच धुरकट होते, मग थेंब धरतात, थेंब ओघळून ओट्यावर ओलं वर्तुळ उमटतं. झाकण त्याच वेळी उघडलंत तर हेच पाणी आत, थंडगार गोळ्यांवर बसतं. दिसत नाही, पण बसतं. रोज सकाळी चमचाभर काढायला बरणी उघडणाऱ्या घरात पराग आठवड्याभरात सादळतो आणि दोष फ्रीजवर येतो. म्हणून पराग आणल्या दिवशीच वाटून ठेवा: आठ-दहा दिवसांना पुरेल एवढा एका लहान बाटलीत, बाकीचा तशाच लहान बाटल्यांत भरून फ्रीजरमध्ये. नवी बाटली काढली की ती झाकणबंदच बाहेर ठेवा, काचेवरचा दव स्वतःहून सुकेपर्यंत उघडू नका. चमचा कोरडाठाक हवा. असा वाळवलेला पराग फ्रीजमध्ये साधारण वर्षभर चांगला राहतो, फ्रीजरमध्ये त्याहून जास्त.

ताजा, न वाळवलेला पराग मात्र फ्रीजच्या नुसत्या खालच्या खणात काही दिवसच टिकतो. त्याला फ्रीजरच लागतो, आणि फ्रीजरला वीज. २०२० च्या ३ जूनला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर आलं, तेव्हा दापोली-मंडणगडच्या कित्येक गावांत दिवसचे दिवस वीज नव्हती. एवढं दरवर्षी होत नाही, पण पावसाळ्यात आठ-दहा तास वीज जाणं ही काही बातमी नव्हे. एकदा वितळलेला ताजा पराग पुन्हा गोठवून त्याच्या भरवशावर राहू नये. म्हणून किनाऱ्यावरच्या घरासाठी माझं मत स्पष्ट आहे: पराग घ्यायचा तो वाळवलेलाच घ्या. बाटली घट्ट असेल तर दिवसभर वीज गेल्याने त्याचं काही बिघडत नाही.

घेताना एक साधी परीक्षा करता येते. चांगला वाळलेला पराग बाटलीत हलवला की खुळखुळतो. दोन बोटांत गोळी दाबली तर आधी कठीण लागते, मग फुटून भुकटी होते. ओला असेल तर गोळी चपटी होऊन बोटाला चिकटते. वास फुलांचा, किंचित गवताळ, थोडा गोडसर यावा. तेलाच्या जुन्या डब्यासारखा आला तर तो खवट झाला, कुबट आला तर ओल लागली. गोळ्यांचे रंग वेगवेगळे असणं हा दोष नाही, वेगवेगळ्या फुलांवरून आल्याची ती खूण आहे.

आता ऊन. पापड-सांडगे, सोलं, आंबापोळी वैशाखाच्या उन्हात वाळवणारी माणसं आपण, त्यामुळे हा सल्ला आपल्याला चटकन पटतो. पण परागाला थेट ऊन मानवत नाही. उजेडाने रंग आणि जीवनसत्त्वं जातात, आणि धूळ व माश्यांचं येणं असतं ते वेगळंच. वाळवण्याच्या यंत्रातसुद्धा तापमान ४० अंशांच्या फार वर जाऊ देत नाहीत. आणि पराग सादळतो तो पावसाळ्यात. तेव्हा ऊन आणायचं कुठून?

बुरशीचा वरचा थर काढण्याबद्दल मात्र मला अगदी कळकळीने सांगायचं आहे: हे करू नका. आपल्याला वर दिसते ती पांढरी-हिरवट लव म्हणजे बुरशीची शेवटची पायरी. तिचे तंतू त्याआधीच खाली गोळ्यागोळ्यांत पसरलेले असतात. परागावर वाढणाऱ्या काही बुरश्या, अ‍ॅस्परजिलस आणि पेनिसिलियम गटातल्या, ऑक्राटॉक्सिनसारखी विषं तयार करतात. ऑक्राटॉक्सिन मूत्रपिंडाला घातक आहे. बुरशी उन्हात वाळेल, मरेलही, पण विष तिथेच राहतं. धुऊन, भाजून, मधात कालवूनही जात नाही. मुलांना आणि आजारातून उठलेल्या माणसांना ‘ताकद येते’ म्हणून पराग दिला जातो, आणि हे विष सोसण्याची शक्ती त्यांच्यातच सगळ्यांत कमी. बाटलीत एका कोपऱ्यात जरी लव दिसली तरी अख्खी बाटली टाकायची. बिघडला आहे की नाही हे बघायला चाखूही नका.

पेर्ग्याबद्दल थोडक्यात. माश्या परागाच्या गोळ्या पोळ्याच्या घरांत डोक्याने ठासून भरतात, त्यात मध आणि आपल्या ग्रंथींचा रस मिसळतात, आणि वर मधाचा थर देतात. पोळ्याच्या ३४-३५ अंशांच्या उबेत, हवा न लागता ते मुरतं, आम्ल होतं, टिकतं. तोच पेर्गा. सादळलेल्या बरणीत यातली एकही गोष्ट घडत नाही. तिथे हवेतले मिळतील ते जंतू मिळेल तसे वाढतात. आंबूस वास म्हणजे पराग गेला.

पराग मधात कालवून ठेवला तर चालतो का, असं पुष्कळ जण विचारतात. चालतो, पण पराग वाळलेला आणि मध पिकलेला हवा. २० टक्के पाण्याच्या १०० ग्रॅम मधात २५ टक्के ओलीचा ५० ग्रॅम ताजा पराग घातला तर मिश्रणातलं पाणी साडेएकवीस टक्क्यांच्या पुढे जातं आणि ते फसफसतं. तोच पराग ६ टक्क्यांवर वाळलेला असेल तर पाणी पंधरा टक्क्यांच्या आसपास राहतं.

राहिला शेवटचा सल्ला, मधपेटीपुढे ठेवण्याचा. ज्यांच्या घरी पेट्या नाहीत त्यांनीही हे वाचावं, कारण माश्या लांबून येतात. पराग हे पिल्लांचं अन्न. कोवळ्या दाई माश्या तो खाऊन अळ्यांना भरवतात. बाजारात मिळणारा बराचसा पराग मेलीफेरा या मूळच्या परदेशी मधमाशीच्या दूरदूरच्या पेट्यांतून आलेला असतो, आणि पिल्लांना खडूसारखं कडक करणाऱ्या बुरशीचे बीजाणू व माश्यांच्या रोगांचे विषाणू त्यातून प्रवास करू शकतात. थाई सॅकब्रूड या विषाणूने १९९१-९२ च्या सुमारास दक्षिण भारतातल्या सातेरीच्या वसाहती हजारोंनी बुडवल्या. आपल्या काजू-नारळाच्या बागांत आज जी सातेरी फिरते ती तीच माशी. म्हणून बिघडलेला पराग अंगणात, कुंपणावर, कचऱ्याच्या ढिगावर उघडा टाकू नका. नारळाच्या आळ्यात वीतभर खड्डा करून पुरा आणि वर माती दाबा. बाटली साबणाने धुऊन कडक वाळवल्याशिवाय तिच्यात पुढचा पराग भरू नका.