कंसातलं कारण

भाच्याची भूमितीची वही परत आली. ३ पैकी अडीच. नववीच्या पोराचा अर्धा गुण गेला म्हणून जगबुडी होत नाही. पण ते उदाहरण, दोन रेषा समांतर आहेत हे सिद्ध करायचं, मी सांगितलं होतं आणि तांबडी रेघ माझ्याच कंसाखाली होती. मी लिहवलं होतं ‘व्युत्क्रम कोन गुणधर्म’. शेजारी शेरा: ‘कसोटी!’

बाकी सगळं चोख. वरच्या एल रेषेवर छेदिकेच्या, म्हणजे दोन्ही रेषांना छेदणाऱ्या रेषेच्या, डावीकडचा खालचा कोन ६५°, खालच्या एम रेषेवर उजवीकडचा खालचा ११५°. म्हणून त्याच्या वरचा ६५° (रेषीय जोडीतील कोन, बेरीज १८०°). व्युत्क्रम कोन, म्हणजे छेदिकेच्या विरुद्ध बाजूंचे हे दोन आतले कोन, समान; म्हणून रेषा समांतर.

तेवढ्यात समोरचे काका पेपर मागायला आले. रेल्वेतून निवृत्त. आकृती पाहून म्हणाले, “पट्टी आण.” लावली. “इकडे चार सेंटीमीटर, तिकडे चार. लिही, समांतर.”

“काका, मोजून सिद्ध होत नाही. रेषा पानाबाहेरही जाते.”

“जाते कुठे? पान इथेच संपतंय.”

“कल्पनेत जाते.”

“मग गुणही कल्पनेतच घ्या. आम्ही रुळांत १६७६ मिलिमीटर ठेवायचो. कंसात कारण कोणी मागितलं नाही.”

“वळणावर रूळ सरळ रेषेत असतात का?”

“गाडी जाते ना?”

यावर भूमितीचा ग्रंथ लिहिणाऱ्या ग्रीक युक्लिडकडेही उत्तर नसावं. त्याने पहिल्या पुस्तकातल्या २७व्या विधानात कसोटी (कोन समान, तर रेषा समांतर) सिद्ध केली ती पाचव्या, समांतर रेषांबद्दलच्या गृहीतकाला हात न लावता: रेषा एकमेकींना मिळाल्या तर त्रिकोण होईल, मग एक व्युत्क्रम कोन त्याचा बाह्यकोन ठरेल आणि आतल्या दुसऱ्याहून मोठा निघेल, पण ते तर समान दिलेत. उलट बाजूने, समांतर रेषांवरून कोन समान (हा गुणधर्म) दाखवताना मात्र, २९व्या विधानात त्याला ते गृहीतक वापरावंच लागलं. म्हणजे गुणधर्म वेगळा, कसोटी वेगळी. जे साध्य आहे तेच गुणधर्मात आधी धरलेलं असतं, आणि मी नेमकं तेच कारण म्हणून दिलं. बाई बरोबर आहेत. म्हणूनच जास्त झोंबतंय.

पण मागच्या बाकावरच्या पोराने कंसच लिहिला नाही, त्याला पूर्ण ३! म्हणजे चुकीचं कारण दिलं तर अर्धा गुण दंड, कारणच नाही दिलं तर माफी. मग पोरं कशाला देतील कारण?

काका पेपर घेऊन गेले. पट्टीही घेऊन गेले.