इमारती बाहेरून बघून उरकायच्या नसतात

लेखात म्हटलंय की परदेशात मशिदी, चर्च बाहेरून बघून फोटो काढला तरी भागतं, आत वेळ घालवू नका. हे अजिबात पटलं नाही. आम्ही संभाजीनगरचे, लहानपणापासून मकबऱ्याच्या घुमटाखाली मान वर करून बघत वाढलेले, त्यामुळं इस्तंबूलला सुलेमानिये मशिदीत गेलो तर तास कसा गेला कळलंच नाही. १५५७ला पूर्ण झालेली, वास्तुविशारद सिनान, घुमट ५३ मीटर उंच आणि रुंदी त्याच्या साधारण निम्मी. बाहेरून हे काहीच कळत नाही हो! आत गालिच्यावर बसलं की खिडक्यांतून येणारा उजेड हळूहळू सरकताना दिसतो, माझी आई तर भिंतीला टेकून नुसती वर बघायली होती.

आणि बाहेर पडलं की समोरच पांढऱ्या राजम्यासारख्या बियांची भाजी अन् भात देणाऱ्या हॉटेलांची ओळच आहे. कुरू फासुल्ये म्हणतात त्याला. टोमॅटोचा रस्सा, सोबत लोणच्याची मिरची, एकदम घरच्यासारखं वाटलं, फक्त त्यात कधीकधी मटण असतं म्हणून शाकाहारी माणसानं आधी विचारून घ्यावं. मुंबईहून सात तास विमानात बसून जायचं अन् दारातून परत फिरायचं, असं कृपा करून कुणाला सांगू नका.