आज मी एक हमीपत्र टाइप केलं नाही

आज दुकानातून एक गिऱ्हाईक परत पाठवलं. ज्यांचं घर झेरॉक्स-टायपिंगवर चालतं त्यांनी असले नखरे करू नयेत, ठाऊक आहे. पण नाही झालं माझ्याच्याने.

मुलगा असेल वीस-एकवीसचा. बर्फाच्या फॅक्टरीत कामाला. आई मासे विकायची, अर्ध्या गावाने तिच्याकडून बांगडे घेतलेत. मागच्या महिन्यात गेली. नगरपरिषदेच्या भाड्याच्या खोल्या आहेत ना, तिथे राहायचे दोघं. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला पाचशेचा स्टॅम्प पेपर आणि सोबत वहीचं फाडलेलं पान. पानावर साहेबांनी स्वतःच्या हाताने मजकूर लिहून दिलेला. "काकी, ह्या टायप करून व्हया."

वाचलं. मी खाली सही करणार, कै. अमुक यांचा मुलगा, लिहून देतो की माझ्या मातोश्रींकडे खोलीभाड्यापोटी थकीत असलेली रक्कम अधिक विलंब आकार ही मी माझी वैयक्तिक जबाबदारी समजून दरमहा हप्त्याने भरीन, आणि त्याबाबत माझी भविष्यात कोणतीही तक्रार राहणार नाही.

ही शेवटची ओळ मी इतक्या वेळा टाइप केली आहे की बोटं आपोआप चालतात. आज नाही चालली.

"कोणी सांगल्यान?"

"ऑफिसातल्यांनी. ह्या दिल्याशिवाय मृत्यूचो दाखलो गावचो नाय म्हणतत."

मृत्यूचा दाखला! अहो, जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा आहे. २१ दिवसांत नोंद करा म्हणतो. मेलेल्या माणसाचं खोलीभाडं आधी चुकतं करा, असं त्यात कुठे लिहिलंय ते मला कुणी दाखवावंच. एकाच इमारतीत एका टेबलावर मरणाची नोंद होते आणि दुसऱ्या टेबलावर भाडं भरतात, एवढाच काय तो संबंध. पण त्या पोराला तो कुठून कळणार? त्याच्या दृष्टीने ते सगळं एकच 'ऑफिस'.

ज्यांना आमचे आबा, माझे वडील, आठवतात त्यांना पुढची गोष्ट माहीत असेल. तरी लिहिते, कारण आज दिवसभर तीच डोक्यात आहे.

आबा दुसऱ्याच्या ट्रॉलरवर खलाशी. राहायला अशीच खोली, चिऱ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं. भाड्याचं कार्ड रेशनकार्डाच्या पिशवीत असायचं, टाचणीचा गंज उमटून त्याच्यावर तांबूस डाग पडलेला. ते कार्ड नुसतं उघडून बघितलं तरी आमच्या घराचं वर्ष कळायचं. जून-जुलैचे रकाने रिकामे, आणि नारळी पौर्णिमेनंतर एकदम दोन-दोन, तीन-तीन महिन्यांचे शिक्के. कारण १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारी बंद. बोटी किनाऱ्याला, आणि बोट किनाऱ्याला म्हणजे खलाश्याला दमडी नाही. हे देवगडपासून वेंगुर्ल्यापर्यंत शेंबड्या पोरालाही माहीत असतं. फक्त विलंब आकार लावणाऱ्याला माहीत नसतं. दर पावसाळ्यात तो लागायचा आणि दर पावसाळ्यानंतर आबा तो भरायचे, शिव्या घालत, पण भरायचे.

मग २०२० आलं. लॉकडाऊन. बंदरावर माल घ्यायला गाडी येईना. त्यातून जरा सावरतोय तर १६ मे २०२१ ला तौक्ते वादळ. आबांच्या खोलीची पुढच्या बाजूची कौलं गेली ती गेली. पंचनामा करायला माणूस आला, फोटो काढले, गेला. सबंध पावसाळा आबांनी ताडपत्रीखाली काढला, आणि खोलीभाडं? ते चालूच. महिन्याच्या महिन्याला कार्डावर चढत होतं. तेव्हा आबांनी हट्ट धरला. "छप्पर नाय तर भाडा कसला?" म्हणाले, आणि भरायचं थांबवलं. हट्टी होतेच. पण मला आजही कुणी सांगावं, काय चुकीचं बोलले?

पुढच्या वर्षी गेले.

बाराव्याला वसुलीचा माणूस आला. जेवणं उरकेपर्यंत थांबला होता, एवढी माणुसकी. पडवीत प्लास्टिकच्या खुर्चीत बसला, मांडीवर फाइल. दादा चाकरमानी, मुंबईत सिक्युरिटीत. रात्रीच्या गाडीचं तिकीट काढलेलं, दुसऱ्या दिवशी ड्युटी. डोक्याचा गोटा केलेला, टॉवेल खांद्यावर. तो माणूस अगदी हळू आवाजात म्हणाला, "बापाचं नाव थकबाकीदारांच्या यादीत बरं दिसत नाही." दादाने सही केली. पेनसुद्धा त्यांचंच.

आबांनी मागे काय ठेवलं होतं? एक पाग (हाताने फेकायचं जाळं), एक छत्री, एक रेडिओ. बँकेत होतं त्यात बाराव्याचं भटजी-सामानही निघालं नाही. खोली आम्ही परत केली, आई आधीच गेलेली, मी इथे सासरी. खोली घेताना आबांनी अनामत भरली होती, तिचा हिशोब कुणी दाखवला नाही. दादाने पुढे कितीतरी महिने पगारातून हप्ते भरले.

आता ऐका, माझ्या वर्गातली एक मैत्रीण वकील आहे, तिने हे सगळं नंतर मला समजावलं तेव्हा मी दुकानाचं शटर अर्धं ओढून रडले होते, रागाने. बापाचं देणं मुलाने स्वतःच्या खिशातून द्यायचं बंधन नाही. बापाची जी काही मालमत्ता त्याच्या हाती आली असेल, तेवढ्यापुरतंच. हे आज-काल ठरलेलं नाही! आपल्या मुंबई इलाख्यात १८६६ साली तसा कायदा झाला, की नुसता मुलगा किंवा नातू आहे म्हणून त्याला कर्जाला धरता येणार नाही. (सावंतवाडी तेव्हा संस्थान, त्यांचं त्यांनी बघावं.) १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत कलम ५२ आहे, वारसावर कोर्टाचा हुकूमनामा झाला तरी वसुली मयताच्या मालमत्तेतूनच. ते हिंदू, मुसलमान, ख्रिश्चन सगळ्यांना सारखं. आणि हिंदू वारसा कायद्यातली २००५ ची ती दुरुस्ती, जी आपल्याकडे फक्त 'मुलींना वाटा' म्हणून माहीत आहे, जिच्यावरून घरोघरी भावाबहिणींचं बोलणं बंद झालं आणि हक्कसोडपत्रांवर माझं दुकान चाललं, तिच्यातच पुढे लिहिलंय की ९ सप्टेंबर २००५ नंतरच्या कर्जासाठी केवळ पुत्रधर्म म्हणून मुलाच्या, नातवाच्या मागे लागता येणार नाही. वाट्याचं कलम सगळ्यांना पाठ. हे कुणी वाचलं? मी तरी कुठे ऐकलं होतं!

आणि सही कशाला हवी असते तेही कळलं. थकलेल्या भाड्याचा दिवाणी दावा लावायला मुदत असते ३ वर्षांची. ती संपायच्या आत लेखी कबुली मिळाली की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे बाराव्याच्या जेवणानंतर फाइल उघडायची घाई उगाच नव्हती.

आता कमेंटमध्ये येणारच, म्हणून आधीच लिहून टाकते. हो, नगरपरिषदेलाही पैसे लागतात, दिवाबत्ती फुकट होत नाही. हो, काही बहाद्दर अशा खोल्या पोटभाड्याने देऊन स्वतः बंगल्यात राहतात. आणि हो, हा मुलगा त्या खोलीतच राहतो, तेव्हा आई गेल्यापासूनचं भाडं त्याचं, त्याने द्यायलाच हवं. त्याहून वाईट म्हणजे १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा सरकारच्या किंवा नगरपरिषदेच्या जागेला लागूच नाही. खाजगी चाळीत आईसोबत राहणाऱ्या मुलाला जे संरक्षण मिळतं ते याला नाही. खोली नावावर करायची तर मागची बाकी भर, असं ते म्हणू शकतात, आणि म्हणतातच.

म्हणा. पण मग तसं सांगा ना! 'बाबा रे, खोली ठेवायची असेल तर हे भरावं लागेल, सोडायची असेल तर आईच्या मागे जे राहिलं त्यातून आम्ही घेऊ, तुझ्या पगाराला हात लावणार नाही.' दोन वाक्यं आहेत. आईची बाकी एका कागदावर, त्याचं भाडं दुसऱ्या कागदावर. ते न करता दाखला अडवायचा आणि 'वैयक्तिक जबाबदारी' लिहून घ्यायची?

एकजण म्हणेल, कोकणात कुणाची मालमत्ता नसते असं होतं का? सामाईक सात-बाऱ्यावर आबांचं नाव होतंच. बरोबर, होतं. पणजोबांपासूनची सगळी नावं आहेत त्याच्यावर, काही मयत, काही विरारला, एक दुबईला. त्या कातळात आबांचा हिस्सा निघतो आणि तो मयताची मालमत्ता म्हणून धरता येतो, हे मला मान्य आहे. धरा की! जा, मोजणी आणा, सगळ्या सहहिस्सेदारांना नोटिसा काढा, तुमची पोरं रिटायर होतील तोवर. ते अवघड आहे म्हणून तर टॉवेल खांद्यावर घेतलेला मुलगा सोपा पडतो.

मला राग पैशाचा नाही. म्हणजे पैशाचाही आहे. पण जास्त राग त्या हळू आवाजाचा आहे. बापाचं देणं ठेवू नये हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. आपल्यातले लोक दुकानदाराची उधारी ठेवून मरायलाही घाबरतात. मासेवाली बाई अंथरुणावरून लेकाला सांगते की अमक्याचे चाळीस रुपये द्यायचे राहिलेत. आपल्या या चांगुलपणावर ऑफिस वसुली करतं! बँकांचे कोट्यवधी बुडवून लंडनला जाऊन बसतात त्यांच्या पडवीत कोण गेलंय खुर्ची टाकून? तिथे सगळे कायदे, अपिलं, तारखा. इथे वहीचं पान.

आमचे हे आत्ताच वाचून गेले, म्हणाले, जरा जास्त होतंय. असेल.

त्या वसुलीच्या माणसाबद्दल मात्र मला आता तेवढं काही वाटत नाही. तोही कंत्राटावर होता, महिन्याचं टार्गेट त्यालाही असणार. बाजारात भेटला की विचारतो, "दादा काय म्हणतात? येतात का गणपतीला?" मी सांगते, येतो. काय बोलणार त्याला. आणि दादाला मी जेव्हा कायद्याचं सगळं सांगितलं, फोनवर, तेव्हा तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "जाव दे गो, आबांसाठीच गेले ना." त्याच्या आवाजात खरंच काही नव्हतं, ना राग, ना काही. आबांच्या हयातीत त्याला त्यांना फारसं काही पाठवता आलं नाही हे त्याला खात होतं, मला माहीत आहे. ते हप्ते भरताना त्याला कदाचित बरंही वाटलं असेल.

असेल. तर मग त्याने ते माहीत असून दिले असते! 'माझ्यावर बंधन नाही, तरी मी देतो' म्हणून ताठ मानेने दिले असते, आबांच्या नावाची पावती घेऊन. त्याच्याकडून ते आबांचं नाव घेऊन काढून घेतले गेले. यातला फरक ज्यांना कळत नाही त्यांनी माझी पोस्ट इथेच सोडावी.

त्या पोराला मी काय टाइप करून दिलं ते सांगते. दोन अर्ज. पहिला, मृत्यूच्या दाखल्यासाठी, त्यात भाड्याचा भ देखील नाही. दुसरा, माहिती अधिकारात, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून: आईच्या खोलीचा महिनावार खातेउतारा, विलंब आकार कुठल्या ठरावाने लावला त्या ठरावाची प्रत, अनामत किती आणि ती कुठे वळती केली, आणि तौक्तेनंतर त्या रांगेच्या छपरांवर काय खर्च केला त्याची बिलं. तिसरं कलम वाचून तो पहिल्यांदा हसला. म्हणाला, "काकी, अनामत असता हीच माका म्हायत नाय होती." पैसे घेतले नाहीत. स्टॅम्प पेपर मात्र त्याचा फुकट गेला, पाचशे रुपये, बर्फाच्या फॅक्टरीत किती तास उभं राहावं लागतं त्याला देव जाणे.

उद्या अकरा वाजता मी त्याच्यासोबत ऑफिसला जाणार आहे, पोच घेतल्याशिवाय येणार नाही. दुकान दुपारपर्यंत बंद. ज्यांची कामं आहेत त्यांनी तीननंतर यावं.

आणि त्या ऑफिसातले दोघे-तिघे माझ्या यादीत आहेत, वाचताय हे मला दिसतंय. ह्यांना फोन करून "जरा वहिनींना समजवा" म्हणू नका. मला करा. दुकानाच्या बोर्डवर नंबर आहे.