जोड्या लावा

"माहजाँग येतं का तुला?" मित्राने विचारलं. "थोडंफार," मी म्हणालो. तेही विनयाने. कारण गेली कित्येक वर्षं मी संगणकावर माहजाँग खेळतोय. सोंगट्यांचा ढीग असतो, त्यात सारख्या दोन दिसल्या की टिचक्या मारायच्या, त्या गायब होतात. शाळेत पैकीच्या पैकी मार्क मला एकाच प्रश्नात पडायचे, 'जोड्या लावा'. तेव्हा हा खेळ खास माझ्यासाठीच कोणीतरी काढलाय अशी माझी समजूत होती.

मित्राच्या घरी टेबलाभोवती चार खुर्च्या होत्या. मित्र, वहिनी, मित्राची आई म्हणजे काकू, आणि चौथा मी. माझा पूर्वानुभव ऐकून काकूंनी माझ्याकडे अशा मायेने पाहिलं की मला तिथेच संशय यायला हवा होता. "अरे, तो वेगळा," एवढंच त्या म्हणाल्या. वेगळा म्हणजे किती? चौघांनी खेळायचं माहजाँग चीनमधलं, एकोणिसाव्या शतकातलं. मी खेळत होतो तो एकट्याचा खेळ ब्रॉडी लॉकार्ड नावाच्या अमेरिकी प्रोग्रॅमरने १९८१ साली संगणकासाठी लिहिलेला. सोंगट्या तेवढ्या त्याच. पत्त्यांचा बंगला बांधणाऱ्याने मला ब्रिज येतं म्हणून सांगावं, तसं मी सांगून बसलो होतो.

"सोपं आहे हो भावजी, रमीच समजा," वहिनी म्हणाल्या. "हातात तेरा. एक उचलायची, एक टाकायची. तीन-तीनचे चार गट आणि एक जोडी झाली की डाव लागला. आणखी एकदोन वेगळे डाव आहेत, पण ते तुम्हाला इतक्यात लागायचे नाहीत." हे शेवटचं वाक्य कृपया लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

खेळायच्या आधी भिंत बांधायची असते. १४४ सोंगट्या पालथ्या घालून दोन्ही हातांनी घोळायच्या, मग प्रत्येकाने आपल्यापुढे अठरा-अठराच्या दोन थरांची भिंत रचायची. तिघांच्या भिंती ओळंब्यात. माझी भिंत मी पुढे सरकवायला गेलो तर मधूनच फुगली आणि सात-आठ सोंगट्या उताण्या पडल्या. पुन्हा घोळा, पुन्हा रचा. तिसऱ्या वेळी काकूंनी स्वतःची भिंत रचून माझीही रचून दिली.

मग दिशा. पूर्वेला बसलेल्याच्या उजव्या हाताला दक्षिण, असं वहिनींनी सांगितलं. मी मनातल्या मनात पूर्वेला बसून पश्चिमेकडे तोंड केलं. उजव्या हाताला उत्तर आली. पुन्हा केलं, पुन्हा उत्तर. "नकाशाच्या उलट आहे ते," मित्र म्हणाला. का, ते कोणी सांगितलं नाही आणि मीही सूर्याचा विषय काढला नाही.

मुख्य सोंगट्या तीन जातींच्या; वारे, ड्रॅगन आणि फुलं निराळी. वर्तुळं मोजता येतात. बांबूही मोजता येतात. तिसरी जात चिनी आकड्यांची. एक, दोन, तीन म्हणजे आडव्या रेघा, इथवर मी हुशार. चार म्हणजे पडदे लावलेली खिडकी. पुढे सात आणि नऊ मला जुळे भाऊ वाटतात. काही संचांत कोपऱ्यात आपले ओळखीचे आकडे छापलेले असतात म्हणे. काकूंच्या संचात नव्हते. त्यांना त्यांची गरजही नव्हती. त्या सोंगटी उचलताना खालून अंगठा फिरवायच्या आणि न बघताच टाकून द्यायच्या. मी तीच सोंगटी डोळ्यांजवळ धरून, उलटी करून, पुन्हा सुलटी करून बघत असे.

पहिल्याच डावात मला पक्षी आला. फुलांच्या सोंगट्या आल्या की त्या उघड्या बाजूला ठेवून बदली सोंगटी घ्यायची, हे मला सांगितलं होतं. फुलाला चालतं ते पाखराला का चालू नये? मी पक्षी ऐटीत बाजूला ठेवला. "तो बांबूचा एक्का आहे," मित्र म्हणाला. बाकीच्या आठ बांबूंवर बांबू आहेत आणि एकट्या एक्क्यावर पक्षी, याची लाज सोंगटी बनवणाऱ्याला वाटायला हवी, मला नव्हे. पुढे एक कोरी सोंगटी आली. छपाईत राहून गेलेली दिसते म्हणून मी ती प्रामाणिकपणे परत करू लागलो. तो पांढरा ड्रॅगन निघाला.

दुसऱ्याने टाकलेली सोंगटी ओरडून घेता येते. आपल्याकडे दोन सारख्या असतील आणि तिसरी पडली तर "पंग!", मग टाकणारा कोणी का असेना. ओळ पूर्ण होत असेल तर "चाव!", पण ती फक्त डावीकडच्याकडून. मी पहिल्यांदा "चाव!" ओरडलो तेव्हा माझ्या उजवीकडे काकू होत्या. एका वडीलधाऱ्या बाईकडे बघून "चाव!" असं ओरडणं कसं दिसतं ते खोलीतल्या सगळ्यांना कळलं. शिवाय ते नियमातही बसत नव्हतं. मूळ चिनी शब्दाचा अर्थ 'खाणं' असा आहे, असं मित्राने सावरून घेतलं. त्याने फार काही सावरलं नाही.

चौथ्या डावात मात्र हात असा आला की काय सांगू! खिडकीची जोडी, पक्ष्यांची जोडी, उत्तर वाऱ्याची जोडी. उचलत गेलो तसतशा जोड्या वाढत गेल्या. पण चार गट कुठायत? गट एकही नाही. संगणकाची सवय हाताला लागलेली, दुसरं काय. सहा जोड्या झाल्या, वर एक सुटा तांबडा ड्रॅगन, म्हणजे चौकटीतून आरपार काठी घातल्यासारखं ते अक्षर. मी भिंतीवरून उचललं. आणखी एक तांबडा ड्रॅगन.

सात जोड्या. गट शून्य. आता मी शहाण्यासारखं वागायचं ठरवलं. काहीतरी मोडल्याशिवाय गट होणार नाहीत. मी ड्रॅगन उचलून मधोमध टाकला.

"झाला!" वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी सगळा हात आडवा केला. बाकीचे दोन ड्रॅगन त्यांच्याकडे होते.

काकूंनी सवयीने माझाही हात आडवा केला. बोटाने मोजलं. मग मी टाकलेला ड्रॅगन वहिनींपुढून उचलून माझ्या उरलेल्या ड्रॅगनशेजारी ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिल्या.

"सातही जोड्या होत्या की रे. हा डाव असतो."

"सांगितलं नव्हतं का मी?" वहिनी म्हणाल्या.

संगणकावर शेवटची जोडी लागली की पडद्यावर फटाके उडतात. इथे मित्राने खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं, आणि काकूंनी सोंगट्या पालथ्या घालून घोळायला घेतल्या.